पांढऱ्या जमिनीवरची फुलं

घरसजावटीच्या व्यवसायातलं कुठलंही मोठं प्रदर्शन घ्या, तिथे सगळे हजर असतात. कापडवाले, वॉलपेपरवाले, दिवेवाले, नळवाले, गालिचेवाले, मासिकांचे संपादक, फोटोग्राफर, धावपळ करणारे नवशिके डिझायनर आणि सावकाश चालणारे नामवंत डिझायनर. नसतो तो फक्त क्लायंट. ज्याच्या घरात हे सगळं लागणार, ज्याच्या पैशाने लागणार, तो. त्याची आठवण निघते, पण लग्नघरात आचाऱ्याची निघते तशी, काही बिघडलं तरच.

मी पुण्यात पडदे, सोफ्याच्या खोळी, पलंगपोस, हेडबोर्ड असली कामं करते. पूर्ण घरंही करते, पण जीव कापडात. या कामात निम्मं बोलणं ‘नको’चं असतं. पांढरं नको, मळतं. फुलं नकोत, जुनाट दिसतात. फुलं चालतील, पण एवढी मोठी नकोत. लिनन नको, रोज इस्त्री कोण करणार? आणि सगळी कॅटलॉगं उलथीपालथी करून झाल्यावर ठरलेली मागणी येते: काहीतरी मळखाऊ दाखवा ना. फ्लॅट कोरा, सोसायटी कोरी, पण कापडाचा रंग असा हवा की दिवाळीलाच धुतला तरी कुणाला कळू नये. बाणेरच्या सतराव्या मजल्यावर धूळ येत नाही म्हणून सांगितलं तरी उपयोग नसतो. मळखाऊपणाचा धुळीशी फारसा संबंध नाही, हे मला उशिरा कळलं. ती सवय वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेली आहे.

दर मार्चमध्ये लंडनला चेल्सी हार्बरच्या डिझाइन सेंटरमध्ये लंडन डिझाइन वीक भरतो. माझी मावसबहीण हॅरोला राहते. ती कित्येक वर्षं बोलावत होती आणि मी कित्येक वर्षं सीझन आहे म्हणून टाळत होते. यंदा गेले. हॅरो अँड वील्डस्टोनहून इम्पीरियल व्हार्फला थेट गाडी आहे, तिथून पुढे चालत. थेम्सच्या काठाला, जिथे एकेकाळी रेल्वेचा कोळसा उतरायचा, तिथे आता काचेचे तीन मोठे घुमट आहेत. घुमटांखाली मजल्यांवर मजले गॅलऱ्या आणि गॅलऱ्यांना लागून शंभराहून जास्त शोरूम. मावसबहीण पहिल्या दिवशी सोबत आली, दोन शोरूम फिरली आणि म्हणाली, “ताई, इथे कशावरच किंमत लिहिलेली नाही. मी खाली कॉफी पिते.” कॉफीवर किंमत लिहिलेली होती.

किंमत नसण्याचं कारण साधं आहे. ही दुकानं डिझायनरांसाठी. क्लायंटला एक भाव, व्यवसायातल्या माणसाला दुसरा भाव, आणि मधला फरक हा डिझायनरच्या कमाईचा भाग. याच विषयावर एक चर्चासत्रही होतं. फी घ्यावी की मालावर चढवावं, की दोन्ही. क्लायंटला खरेदीचा भाव सांगावा का. त्याने तेच कापड इंटरनेटवर स्वस्तात शोधून काढलं तर काय करावं. सभागृह खच्चून भरलं होतं. रंगांवरच्या व्याख्यानाला मागच्या रांगा रिकाम्या होत्या आणि इथे लोक भिंतीला टेकून उभे, यावरून काय ते समजा. मला ऐकायला बरं वाटलं ते एवढ्यासाठी की हे सगळं माइकवर चाललं होतं. आमच्याकडे दुकानदार डिझायनरला काय देतो हे दुकानदाराला आणि डिझायनरलाच माहीत. ते पाकिटातून येतं आणि क्लायंटच्या बिलातून जातं. मी ते पाकीट घेत नाही, बिलात सरळ माझी टक्केवारी लिहिते, आणि त्यापायी काही दुकानदार मला अजून विक्षिप्त समजतात.

शोरूममध्ये गेलं की माझी एक खोड आहे. कापड समोरून बघायच्या आधी मी ते उलटं करते. आमच्या टेलर-मास्तरांची शिकवण. छपाई आरपार किती गेली, वीण सैल आहे का, भरतकामाचे धागे मागे कसे बांधलेत, हे उलट्या बाजूलाच कळतं. तिथे मात्र उलट्या बाजूला वाचायलाही भरपूर होतं. प्रत्येक नमुन्याच्या पाठीवर लेबल, त्यावर पन्हा, नक्षीचा रिपीट, धाग्यांचं प्रमाण आणि मार्टिनडेलचा आकडा. कापडाचा तुकडा यंत्रात लोकरीच्या कापडाशी घासत राहायचा, धागे तुटेपर्यंत. त्याने किती घासण्या सोसल्या तो हा आकडा. घरातल्या रोजच्या सोफ्याला वीस-पंचवीस हजारांच्या पुढचं कापड घ्यावं. त्याखाली आगीची माहिती. ब्रिटनमध्ये १९८८ पासून कायदा आहे की घरातल्या सोफ्याच्या कापडाने पेटत्या काडीसमोर टिकून दाखवलं पाहिजे. नैसर्गिक धाग्याचं कापड असेल तर काही वेळा त्याखाली आग रोखणारं अस्तर घालून भागतं. मला पुण्यात आजवर एकाही क्लायंटने विचारलेलं नाही की हा सोफा पेटला तर काय होईल. मळला तर काय होईल, हे प्रत्येकाने विचारलं आहे.

रिपीटचा हिशोब मात्र लंडनला आणि लक्ष्मी रोडला सारखाच छळतो. समजा, पडद्याची तयार उंची अडीच मीटर. वर-खाली दुमडायला तीस सेंटिमीटर धरा, म्हणजे एका पॅनेलला २ मीटर ८०. नक्षी दर ६४ सेंटिमीटरने पुन्हा येते. चार रिपीट घेतले तर २ मीटर ५६, कापड कमी पडतं. म्हणून पाच घ्यायचे, ३ मीटर २०. प्रत्येक पॅनेलमागे ४० सेंटिमीटर जादा, कारण शेजारच्या दोन पॅनेलवर फूल फुलाच्या रेषेत आलं नाही तर खोलीत शिरणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. सहा पॅनेलला असं जवळजवळ अडीच मीटर कापड उरतं. दीडशे पौंड मीटरच्या कापडात ते साडेतीनशे पौंडांच्या वर जातं. पुण्यात मी हे समजावते तेव्हा क्लायंटचे यजमान मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढतात. शेवटी उरलेल्याच्या उशा शिवून द्यायचं ठरतं.

यंदा तिथे सगळीकडे चीट होतं. छापील फुलांचं सुती कापड, काही ठिकाणी वरून चकाकी दिलेलं. आपल्याकडे आजीच्या पिढीत चिटाचे परकर असत आणि फाटले की गोधडीत जात. सोफ्यावर चीट घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. इंग्रजांनी मात्र या कापडाने घरंच्या घरं मढवली. या जगातलं सर्वांत मोठं नाव कोलफॅक्स अँड फाउलर. सिबिल कोलफॅक्स यांच्या व्यवसायात जॉन फाउलर १९३८ साली आले आणि १९४४ मध्ये नॅन्सी लँकेस्टर या मूळच्या अमेरिकन बाईंनी तो विकत घेतला. या तिघांच्या हातून जो थाट तयार झाला, त्याला आज जग इंग्लिश कंट्री हाउस म्हणतं. नॅन्सीबाई कोरं चीट चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करत, असं या वर्तुळात आवडीने सांगतात. नवं दिसू नये म्हणून धडपड! आमच्या कोथरूडच्या बायकांशी त्यांचं पटलं असतं, निदान चहाच्या रंगापुरतं.

पुढे हेच चीट इंग्लंडला नकोसं झालं. १९९६ साली आयकियाने ब्रिटनमध्ये एक जाहिरात केली, तीत बायका घरातलं फुलाफुलांचं कापड ओढून काढतात आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत भिरकावतात. जाहिरात गाजली, चीट गेलं. आता त्या बायकांच्या मुली ते परत मागतायत, आणि शोरूमवाले जुन्या वह्या उघडून बसलेत.

‘जुन्या संग्रहांतून नवी कापडं’ अशा विषयावर एक व्याख्यान होतं. पडद्यावर एकामागून एक सुंदर तुकडे. वक्त्या प्रत्येक तुकड्याला ‘प्रेरणा’ म्हणत होत्या. अमक्या महालातल्या कपाटात सापडलेल्या कापडाची प्रेरणा, तमक्या बागेची प्रेरणा. ऐकताना माझ्या मनात वेगळंच चाललं होतं, कारण चिटाचा इतिहास मी थोडा वाचलेला होता. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला एक पत्र लिहिलं. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्या एकवीस वर्षं आधी. कंपनी हिंदुस्थानातून रंगवलेल्या रजया नेऊन विकत होती आणि त्यातल्या बऱ्याचशा तांबड्या जमिनीच्या होत्या. इंग्रज गिऱ्हाइकाला ती उदास तांबडी जमीन पसंत पडेना. म्हणून संचालकांनी कळवलं की पुढच्या मालात पांढरी जमीन जास्त ठेवावी आणि फुलं-फांद्या मधोमध रंगात काढाव्यात. त्या कशा, ते चित्रकाराने ठरवावं. १६६० च्या दशकात तर लंडनहून नक्षीचे नमुनेच येऊ लागले.

म्हणजे ज्या पांढऱ्या जमिनीवरच्या फुलांना आज अस्सल इंग्रजी म्हणतात, ती एका गिऱ्हाइकाच्या नापसंतीतून उगवली. मधल्या माणसाने ती नापसंती पत्रात घातली, सहा-आठ महिने ते पत्र जहाजावर हिंदकळलं, आणि पलीकडच्या रंगाऱ्याने आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. रंगाऱ्याने पाहिलेली फुलं निराळी, गिऱ्हाइकाच्या मनातली निराळी. कापडावर तिसरीच आली. ती कुठल्याच झाडाला येत नाहीत.

ते काम कसं चाले, हेही सांगायला हवं. कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगारी तुरटीच्या पाण्याने कापडावर आकार काढत आणि ते कापड चाय नावाच्या मुळीच्या रंगात उकळत. तुरटी जिथे लागली असेल तिथेच लाल धरतो. लोखंडाच्या पाण्याने ओढलेली रेघ काळी होते. निळ्यासाठी बाकीच्या कापडावर मेण चढवायचं आणि निळीच्या हौदात बुडवायचं. मग धुवायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा धुवायचं, जमीन पांढरी निघेपर्यंत. हिरवा रंग असा वेगळा नव्हताच. निळ्या पानावर शेवटी पिवळा हाताने लावायचा. तो पिवळा कच्चा. शे-दोनशे वर्षांत तो उडाला आणि पानं निळी राहिली. संग्रहालयांतल्या जुन्या चिटांवर निळी पानं दिसतात ती यामुळे. गंमत पुढे आहे. त्या व्याख्यानानंतर मी वरच्या मजल्यावरच्या एका शोरूममध्ये गेले, तिथे अगदी नव्या छापील लिननवर पानं निळीच होती. रंग उडालेलं कापड समोर ठेवून कुणीतरी त्याची प्रामाणिक नक्कल केली होती. मी कटिंग मागून घेतलं. शोरूममधल्या मुलीने ते कागदात गुंडाळून, वर शिक्का मारून दिलं. मीटरचा भाव ऐकून मी नम्रपणे मान हलवली.

एका दुपारी प्रदर्शनाला दांडी मारून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेले, डेव्हिड गॅरिकचा पलंग बघायला. गॅरिक हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट. कलकत्त्यातल्या नाटकघरासाठी त्याने मदत केली म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या बायकोला मच्छलीपट्टणचं रंगवलेलं कापड भेट पाठवलं, पलंगाच्या पडद्यांसाठी. १७७५ च्या सुमारास ते कस्टमने जप्त केलं. कारण रंगवलेलं हिंदुस्थानी सुती कापड इंग्लंडमध्ये वापरायला बंदी होती: १७०१ पासून आयातीला, आणि १७२१ च्या कायद्याने अंगावर घालायलाही. लोकरवाले आणि रेशीम विणकर यांचा या कापडावर इतका राग की १७१९ साली लंडनच्या रस्त्यांत चीट नेसलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले गेले. कपड्यांवर शाई, ॲसिड फेकलं गेलं. गॅरिकने खजिन्याच्या अधिकाऱ्याला पत्र घालून गयावया केली. अखेर कापड पलंगाला लागलं. त्या पलंगासमोर उभी असताना मला सारखं वाटत होतं की गॅरिकबाईंनी किती दिवस खिडकीत बसून त्या गाठोड्याची वाट बघितली असेल. पडदे वेळेवर न मिळणं म्हणजे काय, ते मी दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

पुस्तकांवर सह्या हा या आठवड्याचा वेगळाच सोहळा. मधल्या घुमटाखाली टेबल, पुस्तकांची चळत, आणि रांग. पुस्तकं म्हणजे प्रत्येकी दोन-अडीच किलोचा ऐवज, गुळगुळीत पानं, भरपूर फोटो, कमी मजकूर. रांगेतले निम्मे लोक विद्यार्थी. माझ्यापुढच्या मुलीने तिच्या आईसाठी सही मागितली, कारण आईला वाटत होतं की मुलगी उगाच पैसे घालवून उशा रचायला शिकते आहे. माझी विमानात सामानाची मर्यादा तेवीस किलो आणि त्यातले पाच किलो मावसबहिणीने भावाला देण्यासाठी दिलेलं चॉकलेट. तरी मी एक पुस्तक घेतलं. लेखिका सत्तरीच्या आसपासच्या, पांढरे आखूड केस, नाकावर चष्मा. त्यांचं काम मला फार आवडतं.

त्या पुस्तकात एक शयनगृह आहे. भिंतीला, पलंगाला, खुर्चीला, छताच्या उतारालाही एकच चीट. खिडकीला मात्र साधं मांजरपाट, जाडसर, कोरं, बिनछापील. सगळ्या खोलीचा श्वास त्या एका खिडकीत आहे. शेजारच्या मजकुरात समतोलाविषयी चार वाक्यं होती. माझी पाळी आली तेव्हा मी पान उघडून विचारलं, “इथे खिडकीला चीट का नाही लावलं?”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “तुम्ही पडदे करता का?”

म्हटलं, “हो. पुण्यात.”

“मग तुम्हाला सांगते.” त्या हसल्या. “पडदे शिवून तयार होते. चिटाचेच, झालरीसकट. लावायला गेलो तर घरच्या बाई म्हणाल्या, खिडकी सोडून द्या, सकाळी डोळे उघडल्यावर मला एक तरी जागा अशी हवी जिथे फुलं नाहीत. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. तात्पुरतं म्हणून शिंप्याने अस्तराचं कापड टांगलं. ते तसंच राहिलं. आता जो तो मला तीच खोली करून मागतो.”

मी म्हटलं, “मग हे पुस्तकात का नाही?”

“मग पुस्तकावर माझ्याऐवजी त्या बाईंचं नाव घालावं लागेल ना,” त्या म्हणाल्या, आणि खाली सही केली. मागची रांग खाकरू लागली होती.

एवढ्या मोठ्या बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं याचं मला अप्रूप वाटलं, आणि थोडा रागही आला. दालनादालनांत ‘प्रेरणा’ मांडून ठेवली होती, आणि खोलीचा जीव ज्या खिडकीत आहे तिची हकीकत सांगायला टेबलाशी कुणीतरी पडदेवाली येऊन उभी राहावी लागली. आमच्या धंद्यात विद्यार्थ्यांना हे कुणी शिकवत नाही. त्यांना मूड बोर्ड शिकवतात. क्लायंटचं ‘नको’ ऐकून त्यातून काय काढायचं, ते पहिल्या नोकरीत, रडून, शिकायचं. आणि सगळीच ‘नको’ काही सोन्याची नसतात, हेही तितकंच खरं. पांढरं नको, पिवळं नको, पट्टे नकोत, साधंही नको, आणि बजेट मागच्या वर्षीचं, अशा नकारांतून काहीच उगवत नाही. पण ‘सकाळी डोळे उघडल्यावर’ असं ज्या नकारात येतं, तिथे वही काढावी. मी आता काढते. मापांच्या वहीत उजव्या पानावर मापं, डाव्या पानावर क्लायंटने काय नाकारलं आणि तेव्हा नेमकं काय म्हणाले, ते. माझी असिस्टंट आधी हसली. नंतर तिने स्वतःहून तारखा घालायला सुरुवात केली.

एरंडवण्यातल्या एका बाईंची झोपायची खोली सध्या चालू आहे. त्यांना मी ते लंडनचं कटिंग दाखवलं. ते विकत घेण्यातलं नव्हतंच, साधारण चाल कशी ते दाखवायला. त्यांनी ते खिडकीशी नेलं, उलटं केलं (मला तिथेच त्या आवडल्या), पुन्हा सुलटं केलं.

“पानं निळी कशी?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. पिवळा कसा उडतो, संग्रहालयातले तुकडे, गॅरिकचा पलंग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा आला तो प्यायल्या, आणि म्हणाल्या, “हे सगळं छानच आहे हो. पण आमच्या गच्चीत अनंत आहे, आणि पलंगावर पडलं की तोच दिसतो. मला खोलीत पानं हिरवीच हवीत. जमीन पांढरी चालेल.”

जमीन पांढरी चालेल! मी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी फूटपट्टीकडे.

मग आमच्याकडे ड्रॉइंगचं काम करणाऱ्या मुलीने अनंताची एक वेल नव्याने काढली. अनंताला वेल नसते, झुडूप असतं, हे बाईंनी लगेच दाखवून दिलं. तेही वहीत आहे. झुडपाच्या फांद्या लांबवून रिपीट ६४ सेंटिमीटरवर बसवला आणि मी सुरतेच्या छपाईवाल्याला फाइल पाठवली, सोबत निरोप लिहिला: जमीन पांढरी ठेवा, फुलं मधोमध घ्या, पानांतला निळा कमी करून पिवळा वाढवा. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. रंग होईल, पण पन्नास मीटरच्या खाली तो मशीन लावत नाही. बाईंना लागतंय बावीस. उरलेल्या अठ्ठावीस मीटरचं काय करायचं यावर आमची तिघांची बोलणी चालू आहेत, आणि बाईंच्या धाकट्या जावेने परवा सहज विचारलंय की हेच पांढऱ्याऐवजी जरा मळखाऊ जमिनीवर मिळेल का.